फुकट आहे म्हणून काय झालं?

मालवणात होमस्टेवाल्या काकूंना रेटकार्ड बदलायला गिम्प हे फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर शिकवतेय आणि दरवेळी गाडी तिथेच अडते. जेपीजी उघडली, एसी रूमचा रेट बदलला, सेव्ह दाबलं की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल, जी व्हॉट्सॲपवर पाठवली तर गिऱ्हाईकाच्या मोबाइलात उघडतच नाही! जेपीजी हवी तर एक्सपोर्टमध्ये जा, २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून हेच चाललंय. वर २०१८ पासून आयकॉनही सगळे करडे, काकू चष्मा वरखाली करत शोधत बसतात, रंगीत करता येतात पण ते सेटिंग पार आत प्रेफरन्सेसमध्ये.

बोललं की गिम्पच्या चाहत्यांचं उत्तर ठरलेलं, फुकट आहे ना, मग स्वतः कोड लिहा. अहो, काकूंनी खानावळ सांभाळायची की कोड लिहायचा? फुकट म्हणूनच तर त्यांना हे हवंय ना! सेव्हच्या खिडकीतच जेपीजी द्या, एवढंच मागणं आहे.