भोंडला, कंदील, पोस्टकार्ड आणि नोंदवहीतलं एक वाक्य

सप्टेंबर सरत आला की प्राथमिक शाळेत सगळं एकदम अंगावर येतं. सत्राअखेरच्या संकलित चाचण्या, पेपर तपासणी, प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या नोंदी, प्रगतिपुस्तकं. तेवढ्यात नवरात्र, म्हणजे भोंडला. मग कंदील, किल्ले. आणि दहा पालक रोज फाटकाशी उभे राहून विचारणार, "बाई, यंदा सहल कुठं?" यावर शिक्षकांचं ठरलेलं गाऱ्हाणं असतं की कार्यक्रमांपायी शिकवायला वेळ मिळत नाही. पालकांचं ठरलेलं गाऱ्हाणं, की शाळेत नुसतेच कार्यक्रम चालतात. मला दोन्ही पटत नाहीत. हे कार्यक्रम म्हणजेच मूल्यमापन आहे, आणि नियमांनीही ते तसंच धरलंय. आपण मात्र दोन्ही कामं वेगवेगळी करून दुप्पट दमतो.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिकचा, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामातून होणाऱ्या मूल्यमापनाचा, आणि फक्त ३० टक्के संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचा. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं निम्मं. आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहे. म्हणजे दुसरीतल्या पोरानं कंदिलाच्या काड्या मोजून सारख्या कापल्या तर ते गणिताचं प्रात्यक्षिकच झालं. तरी होतं काय? कंदील व्हरांड्यात टांगून फोटो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर जातो आणि गणिताच्या नोंदीसाठी व्हॉट्सॲपवर फिरणारी 'वर्णनात्मक नोंदी' पीडीएफ उघडली जाते. 'संख्यांचे वाचन अचूक करतो', 'गणिती क्रिया आवडीने करतो'. चाळीस मुलांना हीच सहा वाक्यं आलटून पालटून. त्या वहीवरून कुठलं मूल कोणतं, हे त्याच्या आईलासुद्धा ओळखता येणार नाही.

आधी भोंडला घेऊ. कोल्हापूर-साताऱ्याकडे हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. गाणी आणि दिवस थोडे वेगळे, पण शाळेच्या दृष्टीनं सामग्री तीच. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. चाळीस मुलांचं एकच रिंगण करायचा मोह आवरा. हात धरून फिरताना प्रत्येकाला पाऊण मीटर लागतं, म्हणजे परीघ तीस मीटर आणि व्यास साडेनऊ मीटर. एवढं मोकळं अंगण असलं तरी मोठं रिंगण तुटतंच: एका बाजूची मुलं धावतात, दुसऱ्या बाजूची ओढली जातात आणि मधल्या बाईंचं गाणं कुणालाच नीट ऐकू जात नाही. आत पंधरा आणि बाहेर पंचवीस अशी दोन रिंगणं करा, एक उजवीकडे आणि एक डावीकडे फिरणारं. आतलं साडेतीन मीटरच्या आसपास, बाहेरचं सहा मीटर. चौथीच्या मुलांना सुतळी आणि खुंटी देऊन हीच वर्तुळं खडूनं आखायला लावा. पुस्तकातलं केंद्र आणि त्रिज्या तिथं पायाखाली येतात. मुलगेही फेरात हवेत. त्यांना बाजूला बसवून 'तुम्ही टाळ्या वाजवा' म्हणणं बंद करा.

भोंडल्यातला सर्वांत मोलाचा भाग खिरापत ओळखण्याचा. आपण तो दोन मिनिटांत उरकतो. 'लाडू? चिवडा? भेळ?' असा गलका होतो आणि डबा उघडतो. त्याऐवजी नियम करा की पदार्थाचं नाव घ्यायचं नाही, आधी दहा प्रश्न विचारायचे, आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. भाजलेलं आहे का? हातानं मोडतं का? आत गूळ आहे का? पहिली-दुसरीचं मूल सुरुवातीला प्रश्न विचारतच नाही, अंदाजच सांगतं; आठव्या-नवव्या डब्यापर्यंत ते 'गोड आहे का' वरून 'दुधापासून करतात का' वर येतं. भाषेच्या तासाला याहून चांगलं तोंडी काम सापडणार नाही. शाळेतर्फेच खिरापत करायची तर भेळ सोपी: चाळीस जणांना एक किलो चुरमुरे, अर्धा किलो कांदा, पाव किलो फरसाण पुरतं. चिंचेची चटणी मात्र वाढायच्या वेळी घाला. आधी कालवून ठेवली तर दहा मिनिटांत लगदा होतो. शेंगदाणे वेगळ्या वाटीत ठेवा, काही मुलांना ते सोसत नाहीत.

आता कंदील. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण शाळाशाळांत मी म्हणतो ते कंदील होत नाहीत. कार्डशीटला चिरा देऊन गोल गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि तेही निम्मं घरी आईनं केलेलं. आपला पारंपरिक कामट्यांचा कंदील बघा: सहा चौकोन, आठ त्रिकोण, सारख्या लांबीच्या चोवीस काड्या आणि बारा गाठी. कारागीर चौकोन बांधून सुरुवात करतात, मुलांनी त्रिकोणांपासून करावी. कारण साधं आहे. तीन काड्यांचा त्रिकोण बांधला की तो हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र डुगडुगतो आणि शंकरपाळ्यासारखा तिरका होतो. आठ त्रिकोण म्हणजे नेमक्या चोवीस काड्या. चार मुलांचा गट केला तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन त्रिकोण. मग टोकाला टोक बांधत जायचं, प्रत्येक गाठीत दोन त्रिकोण. बारावी गाठ बसली की मधे सहा चौकोन आपोआप दिसतात. मुलं तिथं ओरडतात, 'बाई, चौकोन कुणी केले?' या प्रश्नाला उत्तर देऊ नका, त्यांनाच शोधू द्या.

सांगाडा एवढ्यावर उभा राहत नाही, दाबला की मिटतो. प्रत्येक चौकोनात एक तिरकी काडी बांधली की घट्ट होतो. वीस सेंटिमीटरची काडी घेतली असेल तर तिरकी साधारण अठ्ठावीस सेंटिमीटरची लागते. म्हणजे एका कंदिलाला चोवीस आणि सहा. चाळीस मुलांच्या दहा गटांना दोनशे चाळीस लहान आणि साठ मोठ्या काड्या. बांबूच्या कामट्यांची कुसळं बोटात जातात, म्हणून चौथीच्या खाली खराट्याचे हीर किंवा वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या वापरा.

कंदील वाकडा होण्याचं कारण दहापैकी आठ वेळा एकच असतं: मूल आधी कापलेल्या काडीला लावून पुढची कापतं. प्रत्येक वेळी जराशी चूक, आणि दहावी काडी पहिलीपेक्षा बोटभर लांब. एक नमुना काडी लाल शाईनं रंगवून द्या आणि सगळ्या तिलाच लावून कापायला सांगा. हे आधी सांगू नका. पहिला कंदील वाकडा होऊ द्या, मग विचारा का झाला. मापनाचा पूर्ण धडा त्या वाकड्या कंदिलात आहे.

कागद चिकटवायच्या खळीसाठी दोन चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात कालवून मग उकळायचा. थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात. पातळ झाली तर पतंगी कागद सुरकुततो, फाटतोही. खळी टिकावी म्हणून घालतात तो मोरचूद विषारी असतो, तो मुलांच्या हाती देऊ नका, दोन दिवसांच्या खळीला त्याची गरजही नाही. कागद कापताना प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर जास्तीचा ठेवायचा, काडीवरून दुमडायला. एका बैठकीत हे होत नाही. पहिल्या दिवशी सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद, दोन्ही दिवस दीड-दीड तास. आत छोटा एलईडी दिवा. पणती किंवा मेणबत्ती नकोच.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. चौथीला इतिहास शिवरायांचा आहेच, आणि जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हा 'कुठलाही किल्ला' करण्यापेक्षा या बारांतला एक नकाशा बघून करा. पाण्याची टाकी कुठं, दरवाजा कुठल्या अंगाला आणि का, एवढं विचारलं तरी पुरे. मोहरी किंवा अळीव चार-पाच दिवस आधी पेरा. सुट्टीच्या आदल्या दिवशी पेरलेली हिरवळ बघायला शाळेत कुणीच नसतं.

आता सहल. दिवाळीनंतर डिसेंबर-जानेवारीत ती निघते, पण ठरते आत्ताच. एसटीत शालेय सहलीला पन्नास टक्के सवलत आहे, तेव्हा मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात लवकर अर्ज करा. डिसेंबरात गाड्यांची मारामार असते. चव्वेचाळीस आसनांची गाडी धरली तर चाळीस मुलं आणि चार मोठी माणसं. दहाला एक, यापेक्षा कमी नको, मुली असतील तर बाई हव्यातच. पण खरी चूक आखणीत होते. पहाटे पाचला निघून गड, देऊळ, धरण, बाग अशी चार ठिकाणं 'कव्हर' करायची आणि रात्री अकराला परत. स्वच्छतागृहाचा हिशेब कुणी करत नाही: वीस मुली, दोन स्वच्छतागृहं, एकीला तीन मिनिटं धरली तरी अर्धा तास. चार ठिकाणी मिळून दोन तास नुसते रांगेत. वर घाटात गाडी लागलेली मुलं, ज्यांना सकाळी प्रेमानं वडे आणि दूध दिलेलं असतं. एक ठिकाण, फार तर दोन. आणि मुख्य म्हणजे पैसे न भरता आल्यानं जी पाच-सहा मुलं त्या दिवशी शाळेतच बसतात, त्यांचं काय? ती सहल शैक्षणिक कशी म्हणायची?

माझं मत सरळ आहे: लांबची एक सहल करायचीच तर करा, पण सत्रात पायी जायच्या तीन क्षेत्रभेटी आधी ठरवा. पोस्ट ऑफिस घ्या. गावातल्या शाखा डाकघराचं काम दिवसात चार-पाच तासच चालतं, म्हणून वेळ दोन दिवस आधी विचारून ठेवा, आणि पंचवीस मुलं एकदम आत कोंबू नका, दोन तुकड्या करा. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं, पंचवीस मुलांचा खर्च साडेबारा रुपये. प्रत्येकानं आपल्याच घरी पत्र लिहायचं. चुका ठरलेल्या असतात: पत्त्याच्या भागात मजकूर, तालुका-जिल्हा गायब, पिनकोडचे सहाऐवजी पाच आकडे. पिनकोड १९७२ मध्ये आला आणि महाराष्ट्रातला चारानं सुरू होतो, एवढं कळलं तरी मुलं घरातली जुनी पाकिटं उपसतात. पत्र कुणाकडे किती दिवसांनी पोचलं, त्याचा फळ्यावर तक्ता करा. ज्यांचं पोचलं नाही त्यांचे पत्ते तपासायला द्या, शुद्धलेखनाची वही बाजूला राहू दे.

गॅदरिंगवर वेगळी पोस्ट लागेल. भाड्याचे कपडे, डीजे आणि दर वर्षी तीच डझनभर मुलं पुढे. प्रत्येक मुलाच्या तोंडी किमान एक वाक्य, एवढी एक अट घातली तरी निम्मा तमाशा आपोआप कमी होतो.

नोंदींची सोय अशी करा. वहीत प्रत्येक मुलाला एक पान. एका उपक्रमात फक्त दहा मुलांकडे बघायचं, कोणती ते आधी ठरवून. त्याच संध्याकाळी प्रत्येकी एक वाक्य, जे दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही असं. 'नमुना काडी न वापरता डोळ्यानं लांबी जुळवली, तीनदा चुकला, मग स्वतः काडी मागितली.' चार उपक्रमांत चाळीस मुलं होतात. पुढच्या फेरीत उपक्रम बदला, म्हणजे सत्राअखेर प्रत्येकाच्या पानावर चार-पाच खरी वाक्यं जमतात आणि पीडीएफची गरज राहत नाही.

बीडसारख्या ऊसतोडीच्या पट्ट्यात एक गोष्ट वेगळी करावी लागते. गाळप हंगामासाठी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात, काही त्याआधीच. त्यांची मुलं दुसऱ्या सत्रात कुठल्या फडात असतील सांगता येत नाही. तिथं कंदील आणि पोस्टकार्ड दसऱ्याआधीच उरका, आणि निरीक्षणासाठी पहिली दहा मुलं हीच निवडा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू राहावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देता, त्याच्यासोबत त्याच्या पानावरची वाक्यं कागदावर उतरवून द्या. कारखान्याजवळच्या शाळेत नव्या बाईंसमोर मूल उभं राहील, तेव्हा निदान त्यांना कळेल की याला पाढे अडतात, पण त्रिकोणाची गाठ हा वर्गात सगळ्यात घट्ट मारतो.