गर्भाशय, हार्वर्ड आणि आमचा फॅमिली ग्रुप

परवा आईचा फोन. "अगं, मुली जास्त शिकल्या की गर्भाशय सुकतं म्हणे. हार्वर्डच्या डॉक्टरने सिद्ध केलंय. खरं का गं?" भाचीला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला म्हणून वहिनीने ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता. त्याच्याच खाली एका काकांनी 'अमेरिकेचा धडा' नावाचा फॉरवर्ड चिकटवला. वर आनंदीबाई जोशींचा फोटो, खाली चार मुद्दे. आई दोन रात्री झोपली नाही, म्हणून हा खटाटोप.

डॉक्टर खरा आहे. एडवर्ड क्लार्क, हार्वर्डमध्ये शिकवलेला माणूस, पुस्तक 1873 चं. वयात येताना मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला की शरीराची शक्ती मेंदूकडे जाते आणि जननेंद्रियांची वाढ खुंटते, असं त्याचं म्हणणं. सिद्ध कशावरून केलं? जेमतेम सात जणींच्या हकिकतींवरून. त्यातली एक 'मिस डी' म्हणे चौदाव्या वर्षी अमेरिकेतल्या व्हासार या मुलींच्या कॉलेजात गेली आणि तिथल्या व्यायामशाळेत बेशुद्ध पडली. व्हासारच्या निवासी डॉक्टर अलायडा एव्हरी यांनी उत्तर दिलं: पंधराच्या आतली मुलगी आम्ही घेतलेलीच नाही, आणि पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत आमच्याकडे व्यायाम बंद असतो. म्हणजे सातांतली जी पुरावा म्हणून पुढे केली, तिचं वयच जुळत नव्हतं!

पुढे 1885 मध्ये पदवीधर बायकांच्या संघटनेने स्वतःच पाहणी केली. आकडेवारी मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी खात्याने मांडली. 705 जणींनी उत्तरं दिली, त्यातल्या सुमारे 78 टक्के जणींची प्रकृती चांगली किंवा उत्तम. सात हकिकती एकीकडे, सातशे पाच उत्तरं दुसरीकडे. काकांनी निवडल्या सात.

आणि आनंदीबाई. 'शिकल्या आणि बाविशीच्या आत गेल्या' असं लिहिलंय. संताप येतो तो इथे. त्या क्षयाने गेल्या. डोकेदुखी, ताप, धाप हे सगळं अमेरिकेला जाण्याआधीच सुरू झालं होतं. त्याआधी चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं, वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून. तोवर कॉलेज कुठे पाहिलं होतं? त्या मरणामुळेच तर डॉक्टर व्हायचं ठरवून त्या 1883 मध्ये बोटीत बसल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षीचं बाळंतपण फॉरवर्डवाल्याला खुपत नाही, पुस्तक खुपतं.

फॉरवर्डचा पुढचा मुद्दा: 'तिथल्या मुलींच्या शाळांत शिवणकामच शिकवत.' बरं, हे अर्धं खरं. भरतकाम, पियानो, फ्रेंच एवढ्यावर भागवणाऱ्या शाळा पुष्कळ होत्या. पण एमा विलर्डने 1821 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयला शाळा काढून मुलींना गणित आणि विज्ञान शिकवलंच. 1837 मध्ये मेरी लायनने माउंट होल्योक ही मुलींची शाळा काढली. तिथे मुली भाकरीचं पीठ मळायच्या हेही खरं, पण ते फी वर्षाला साठ डॉलरवर राहावी म्हणून, आणि शाळेत रसायनशास्त्र लायनबाई स्वतः शिकवायच्या.

'मुलींच्या शिक्षणाला तिथे कुणी विरोध केला नाही.' कनेक्टिकटमधल्या कँटरबरी गावात प्रुडन्स क्रँडलने 1833 मध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा उघडली, तर राज्याने तिच्याविरुद्ध कायदाच केला. एक रात्र तुरुंगात, विहिरीत शेण, आणि 1834 च्या सप्टेंबरात एका रात्री जमावाने खिडक्या फोडल्यावर शाळा बंद.

राहिलं 'बायकांची कॉलेजं ओस पडली, प्रयोग फसला'. तोवर फक्त मुलगे घेणाऱ्या येल आणि प्रिन्स्टन विद्यापीठांनी 1969 मध्ये पदवीसाठी मुली घ्यायला सुरुवात केली, मग मुली तिकडेही जाऊ लागल्या. व्हासारने त्याच वर्षी मुलगे घेतले. याला फसणं म्हणत असतील तर म्हणोत.

आईला हे सगळं फोनवर ऐकवलं. "मग ग्रुपवर टाक की," म्हणाली. टाकलं. पाच मिनिटांत काकांचा अंगठा आला. पाच मिनिटांत वाचून झालं असेल का, देव जाणे.