अमेरिकेत टॉक शो काढताय? आधी मागचं दार बांधा

तर तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, मंडळाच्या गणपतीत निवेदन करता, तुमच्या विनोदांना देणगीदारांच्या रांगेतूनसुद्धा हशा मिळतो. आणि आता तुमच्या मनात आलंय की अमेरिकेचं राजकारण, माध्यमं आणि संस्कृती यांवर एक टॉक शो आपणही काढावा. काढा, जरूर काढा. इंग्रजीची काळजी नको, अभ्यासाची तर मुळीच नको. टेबल, सोफा, पाठीमागे रात्रीच्या शहराचा झगमगता देखावा, हे सगळं भाड्याने मिळतं. स्वतः बांधून घ्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे मागचं दार. लोकांनी टाळ्या वाजवल्या की पुढून आत यायचं आणि कुणी जाब विचारला की मागून सटकायचं.

हे दार कसं वापरावं ते जॉन स्टुअर्टकडून शिका. ऑक्टोबर २००४ मध्ये हा विनोदवीर सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’मध्ये गेला. एक डावा, एक उजवा आणि दोघांची रोजची जुंपलेली, असा तो कार्यक्रम. स्टुअर्टने तोंडावर सांगितलं, तुम्ही देशाचं नुकसान करताय, बंद करा. उजव्यांच्या खुर्चीत बो-टाय लावलेला तरुण टकर कार्लसन होता. त्याने विचारलं, मग डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी तुझ्याकडे आले तेव्हा तू त्यांना इतके गुळगुळीत प्रश्न का विचारलेस? प्रश्न रास्त होता. स्टुअर्ट म्हणाला, माझ्या कार्यक्रमाच्या आधी बाहुल्या लोकांना खोटे फोन करतात! म्हणजे मी साधा विनोदवीर, मला कसला जाब? संपलं. देशाला उपदेश पुढच्या दाराने, स्वतःची जबाबदारी मागच्या दाराने. जानेवारीत सीएनएनने ‘क्रॉसफायर’ गुंडाळायचं जाहीर केलं, आणि वर वाहिनीच्या प्रमुखांनी स्टुअर्टचंच म्हणणं पटल्याचं सांगितलं. (मला स्टुअर्ट आवडतो. म्हणून तर त्याचं उदाहरण आधी दिलं. ज्याच्या विनोदाला आपण हसतो त्याचं मागचं दार आपल्याला सहसा दिसत नाही.)

कार्लसनला मात्र ते दिसलं असावं. पुढे तो फॉक्स या उजव्या वृत्तवाहिनीचा सर्वांत मोठा तारा झाला. त्याच्या बोलण्यावरून एका महिलेने फॉक्सवर केलेला बदनामीचा दावा २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चालला, तेव्हा फॉक्सच्या वकिलांचा बचाव असा होता की हे तथ्यकथन नव्हे, ही अतिशयोक्ती आहे. न्यायाधीशांना ते पटलं. शहाणा प्रेक्षक हा कार्यक्रम पुरेसा संशय बाळगूनच पाहतो, असं त्यांनी लिहिलं आणि दावा निकाली निघाला. याला उजव्यांचा लबाडपणा म्हणायची घाई करू नका. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डाव्यांच्या लाडक्या टीव्ही निवेदिका रेचल मॅडो याच दाराने बाहेर पडल्या. एक प्रतिस्पर्धी वाहिनी अक्षरशः रशियाचा पैसे घेऊन केलेला प्रचार आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं की ते अक्षरशः घ्यायचं नसतं. २०२१ मध्ये अपिलातही तेच ठरलं. म्हणून सांगतो, विचारसरणी कुठलीही निवडा, वकील निवडताना मात्र दोन्ही बाजूंची निकालपत्रं वाचलेला निवडा.

इतकं जमलं की पाहुणे. राजकारण्याला बोलवलंत की एक पथ्य पाळा: त्याच्या हातांना काम द्या, तोंडाला देऊ नका. रिचर्ड निक्सन १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाची गव्हर्नरकी हरले तेव्हा पत्रकारांना म्हणाले, आता लाथाडायला तुम्हाला निक्सन मिळणार नाही. पत्रकारांना मिळाले नाहीत, पण पुढच्याच वर्षी जॅक पार यांच्या कार्यक्रमात पियानो वाजवताना सगळ्या देशाला दिसले. १९६८ मध्ये एका विनोदी कार्यक्रमात ते काही सेकंदांपुरते आले, एक वाक्य बोलले आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. हा त्या वाक्याचा प्रताप, असं मी म्हणत नाही. तुम्ही मात्र जाहिरातदारांना बेलाशक सांगा. १९९२ मध्ये बिल क्लिंटन काळा चष्मा लावून आर्सेनियो हॉलच्या टॉक शोच्या मंचावर सॅक्सोफोन वाजवून गेले. २०१६ मध्ये आपल्या टॉक शोत जिमी फॅलनने ट्रम्प यांचे केस विस्कटले. केस खरे आहेत की नाहीत, हा त्या निवडणुकीतला एक प्रश्न तरी त्या रात्री सोफ्यावर निकालात निघाला. बाकीच्या प्रश्नांना वेळ उरत नाही, जाहिराती असतात.

आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर. यांनी ऑगस्ट २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली ती जे लेनोच्या ‘टुनाइट शो’मध्ये. आता अमेरिकेत १९३४ पासून कायदा आहे की एका उमेदवाराला वाहिनीने वेळ दिला तर दुसऱ्यालाही तितकीच संधी द्यायची. १९५९ मध्ये त्यातून बातम्या आणि बातम्यांच्या मुलाखती वगळल्या. २००६ मध्ये श्वार्झनेगर पुन्हा उभे असताना पुन्हा लेनोकडे आले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याने समान वेळ मागितला. एफसीसीने, म्हणजे तिथल्या दळणवळण आयोगाने, निर्णय दिला की लेनोची मुलाखत ही सच्ची बातमी-मुलाखत आहे, सबब समान वेळ नाही. हे नीट लक्षात ठेवा, परीक्षेला येतं. बदनामीचा दावा आला की आपण अतिशयोक्ती, टीकाकार आले की आपण बाहुल्यांचे शेजारी, आणि प्रतिस्पर्ध्याने सोफ्यावर जागा मागितली की आपण पत्रकारिता.

एक खबरदारी घ्या. मनातलं खरं मत कुठेही लिहू नका, विशेषतः सहकाऱ्यांना मेसेज करून. २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे फॉक्सवर चालले. डोमिनियन या यंत्रांच्या कंपनीने खटला भरला आणि सगळ्यांचे मेसेज बाहेर आले. पडद्यावर ज्या दाव्यांना जागा दिली जात होती, त्यांची होस्ट मंडळी खाजगीत टर उडवत होती. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि आठवड्याभरात कार्लसन वाहिनीबाहेर गेला. प्रेक्षकाला खोटं सांगणं स्वस्त पडतं हो, महाग पडतं ते सहकाऱ्याला खरं सांगणं.

मालकांबद्दल मात्र निर्धास्त राहू नका. तुमचं मागचं दार एक असेल, त्यांची पुष्कळ असतात. २०१६ च्या निवडणुकीचा तमाशा रंगात आला होता तेव्हा सीबीएसचे प्रमुख लेस मूनवेस म्हणाले होते की हे अमेरिकेसाठी चांगलं नसेल, पण सीबीएससाठी झकास आहे. तो शेवटचा प्रामाणिक मालक म्हणायचा. जुलै २०२५ मध्ये सीबीएसची मालक पॅरामाउंट हिने ट्रम्प यांच्याशी एका मुलाखतीवरून चाललेला खटला १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला. स्टीफन कोलबेअरने सीबीएसवरच्याच आपल्या ‘लेट शो’मध्ये त्याला जाडजूड लाच म्हटलं. तीनच दिवसांनी जाहीर झालं की ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद. हा निव्वळ आर्थिक निर्णय आहे, असा खुलासाही आला. पुढच्या आठवड्यात पॅरामाउंटच्या, सरकारी मंजुरीसाठी थांबलेल्या ८०० कोटी डॉलरच्या विलीनीकरणाला एफसीसीने हिरवा कंदील दाखवला. सप्टेंबरात त्याच बंद पडणाऱ्या कार्यक्रमाला सर्वोत्तम टॉक शोचं एमी मिळालं. योगायोगाने नुसता उच्छाद मांडलाय अमेरिकेत.

त्याच सप्टेंबरात एबीसी वाहिनीवरच्या जिमी किमेलचा नंबर लागला. उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर तो जे बोलला त्यावरून एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार म्हणाले की हे सोप्या पद्धतीने करता येईल किंवा अवघड पद्धतीने. आपल्याकडे असं बोलणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. काही तासांत एबीसीने कार्यक्रम बेमुदत थांबवला. ही बेमुदत आठवडाभरही टिकली नाही. किमेल परत आला तेव्हा अनेक शहरांत स्थानिक केंद्रांनी कार्यक्रम दाखवायला नकार दिला होता, तरी साठ लाखांवर लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. आणि कार? ते म्हणाले, किमेलची ही अवस्था त्याच्या रेटिंगमुळे झाली, सरकारचा काही संबंध नाही. पाहिलंत? सरकारलाही मागचं दार आहे, आणि ते तुमच्यापेक्षा रुंद आहे.

प्रेक्षकांवर फार वेळ घालवू नका. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत टाळ्या वाजवणारा आणि ठाण्यात सकाळच्या चहाबरोबर तोच तुकडा मोबाईलवर बघून “धुतला की नाही!” म्हणणारा, दोघांनाही आपलं मत छान इंग्रजीत ऐकायचं असतं. ठाणेकराला तिथे मत नाही, त्यामुळे त्याचं मत जास्त पक्कं असतं. त्याच्यासाठी दीड मिनिटाचा तुकडा कापता येईल असं बोला. दोन्ही बाजू मांडायचा मोह झालाच तर जाहिरातींच्या वेळात मांडा.

इतकं करूनही शो बंद पडला तर खचू नका, पॉडकास्ट काढा. तिथे देखावा नको, वाद्यवृंद नको, एफसीसीही नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प जो रोगनसमोर जवळपास तीन तास बसले होते. आणि मागच्या दाराचं म्हणाल तर रोगनने भिंतच ठेवलेली नाही. २०२१ मध्ये कोविडच्या लशीबद्दल तो जे बोलला त्यावरून गदारोळ झाला तेव्हा तो म्हणाला, मी डॉक्टर नाही, मी मूर्ख आहे. यावर कुठला वकील काय बोलणार?

राहता राहिला पहिल्या भागाचा पाहुणा. माझं ऐका, ब्रेंडन कारनाच बोलवा. ती सोप्या-अवघड पद्धतीची धमकी त्यांनी दिली ती एका पॉडकास्टवरच.