लू लागलेला ड्राइव्ह

मामाचे दोन लूम भंगारात गेले तेव्हा त्यातली एक एचपीची मोटर मी मागून आणली, शेंगा चटणीच्या कांडप मशीनला लावायला. मोटर थ्री फेज, घरात सिंगल फेज. नवीन कनेक्शनचा खर्च ऐकून बायको म्हणली राहू द्या, उखळ बरं. मग कुणीतरी सांगितलं व्हीएफडी घे की, म्हणजे मोटर चालवायचा ड्राइव्ह, सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, जुना स्वस्तात मिळतोय.

एप्रिलचं ऊन, अक्कलकोट रोड एमआयडीसी. एका दुकानात ड्राइव्हची चळत लावलेली, लेबलं घासलेली, वाचता आलं ते फक्त '२.२ किलोवॅट'. विचारलं, सिंगल फेजवर चालतंय का?

"चालतंय की!"

सोलापुरात चालतंय की हे रामराम म्हणल्यासारखं म्हणतात, हे चाळीस वर्षं इथं राहून मला कळायला पाहिजे होतं. त्यानं लावून दाखवला, मोटर गुमान फिरली, मी साडेतीन हजार मोजले. दुकानातच थ्री फेज आहे हे डोक्यातच आलं नाही बघा.

घरी बटण दाबलं तर स्क्रीनवर दोन अक्षरं, एल आणि यू. बायकोनं जोडून वाचलं, "लू? बाहेर बेचाळीस डिग्री आहे, लागणारच की ओ."

एलयू म्हणजे अंडरव्होल्टेज. ड्राइव्ह ४१५ व्होल्टचा, त्याला पोटात साधारण ५८५ व्होल्ट डीसी लागतंय, आपल्या २३० चे होतात ३२५. अर्ध्या भाकरीवर पोती उचलायची.

परत घेईना. दुसरा घेतला, लेबलवर '१ फेज २००-२४०' बोट ठेवून वाचून. मोटर फिरली, पण शेंगा टाकल्या की नुसती गुंगुं. वायरमन भाचा आला, म्हणला मामा हा ड्राइव्ह बाहेर पण २३० च देतोय आणि मोटरची आतली जोडणी स्टारमध्ये, म्हणजे ४१५ साठीची आहे, ताकद तिसरा हिस्सा. पट्ट्या फिरवून डेल्टा, म्हणजे २३० साठीची जोडणी करायची, पण आधी स्विच बंद करून दहा मिनिटं थांबायचं, कपॅसिटरात चार्ज असतोय. आम्ही तिघं त्या डब्यासमोर चहा पीत सुतकात बसल्यासारखे बसलो.

आता चटणी होतेय. पहिला ड्राइव्ह मी विकायला काढलाय, काल एकाचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला होतो, बायकोनं उचलला, आणि आतून मला ऐकू आलं, "सिंगल फेजवर? चालतंय की!"