स्वित्झर्लंडचं ते गाव कुणालाही पन्नास लाख देत नाही

“स्वित्झर्लंड सरकार देतंय पन्नास लाख रुपये! फक्त या गावात जाऊन राहा.” बर्फाच्या डोंगराचा फोटो लावलेला हा मेसेज २०१७ पासून अधूनमधून नव्याने फिरत असतो. खाली आणखी दोन ओळी असतात: “गाव ओस पडलंय. कोणत्याही देशाचा माणूस अर्ज करू शकतो.” गाव खरं आहे, रक्कमही अगदीच हवेतली नाही. पण बाकीचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे. लोक ते वाचून मनापासून हिशेब मांडायला बसतात, मुलांच्या शाळेपर्यंत बोलणी जातात. म्हणून एकेक दावा तपासू.

“सरकार पैसे देतंय.” नाही. गावाचं नाव आल्बिनेन. वालिस कँटनमधल्या (कँटन म्हणजे तिथलं राज्य) लॉइक जिल्ह्यातलं हे डोंगरउतारावरचं गाव. योजना ना देशाची, ना कँटनची, ना जिल्ह्याची. तिकडे गावाचा कर, बांधकाम परवाना, तिजोरी हे सगळं गावाच्याच हातात असतं. जिल्ह्याचा त्यात फारसा संबंध येत नाही. आल्बिनेनमधल्या तरुणांनीच सह्या गोळा करून मागणी केली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गावच्या मतदारांनी ग्रामसभेत ती मंजूर केली. प्रौढ व्यक्तीला २५,००० फ्रँक, प्रत्येक मुलामागे १०,००० फ्रँक. नवरा, बायको आणि दोन मुलं धरली की ७०,००० फ्रँक होतात. मेसेजमधले पन्नास लाख आले ते इथून.

“फक्त राहायचं, बाकी काही नाही.” २०१७ च्या नियमांनुसार अर्जदार ४५ वर्षांच्या आतला हवा. गावात किमान दोन लाख फ्रँकचं घर त्याने बांधायला, विकत घ्यायला किंवा तेवढा खर्च करून जुनं दुरुस्त करायला हवं. ते सुट्टीचं नव्हे, कायम राहण्याचं घर हवं. दहा वर्षांच्या आत गाव सोडलं तर पैसे गावाला परत करायचे. म्हणजे सत्तर हजार हातात पडण्याआधी दोन लाख स्वतःचे घालायचे. याला घरबांधणीचं अनुदान म्हणतात. राहण्याचा पगार म्हणून ते खपवणं ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

“कोणत्याही देशाचा माणूस चालेल.” सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने होतं. अट अशी होती की अर्जदार स्विस नागरिक हवा किंवा त्याच्याकडे सी परवाना, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना हवा. भारतीयाला तो साधारणपणे तिथे दहा वर्षं कायदेशीर राहिल्यावर मिळतो. मुळात तिथे नोकरीसाठी जायचं तरी युरोपबाहेरच्या लोकांसाठी वर्षाचा कोटा ठरलेला असतो, आणि या कामाला स्विस किंवा युरोपीय माणूस मिळाला नाही हे कंपनीला दाखवावं लागतं. नाशिकमध्ये बसून अर्ज भरणाऱ्याला या योजनेतून व्हिसाही मिळत नाही आणि पैसेही.

“गाव ओस पडलंय, तिकडे माणसंच नाहीत.” इथे जरा थांबू, कारण या एका ओळीत अख्ख्या जिल्ह्याचा भूगोल पुसला जातो. लॉइक जिल्ह्यात बारा ग्रामपालिका आहेत आणि वस्ती बारा-तेरा हजारांची. तळाला साधारण ६०० मीटरवर ऱ्होन नदी, आणि दक्षिणेला तुर्तमान खोऱ्याच्या माथ्यावर चार हजार मीटरच्या वरची शिखरं. जाल्गेश गावात द्राक्षमळे आणि वाइन. त्याच्या शेजारी फीनचं पाइनचं जंगल. त्याच्या अलीकडे जर्मन बोलतात, पलीकडे सिएर शहरात फ्रेंच. वर १,४०० मीटरवर लॉइकरबाड, ५१ अंशांच्या गरम झऱ्यांवर जगणारं. हा जिल्हा गजबजलेला नाही, पण ओसाडही नाही. वालिसची लोकसंख्या तर वाढते आहे, साडेतीन लाखांच्या पुढे गेली आहे.

माणसं कमी होताहेत ती आल्बिनेनसारख्या उतारावरच्या गावांत. हे गाव १,३०० मीटरवर आहे आणि मतदान झालं तेव्हा तिथे सुमारे २४० लोक राहत होते. रेल्वे खाली खोऱ्यात, फिस्प शहरातला रसायन उद्योग खाली, सिएरचा बाजार खाली. तरुण जोडपं रोज वळणाच्या रस्त्याने वर-खाली करण्यापेक्षा खालीच घर बघतं. काही कुटुंबं गेली, मुलं कमी झाली, शाळा बंद पडली. शाळा नाही म्हटल्यावर पुढचं कुटुंबही येताना दहादा विचार करतं. कायम राहण्याच्या घराचा आग्रह यातूनच येतो. आल्प्समध्ये वर्षातून दोन आठवडे उघडणारी सुट्टीची घरं इतकी झाली की २०१२ मध्ये स्विस मतदारांनी त्यांच्यावर गावागणिक एकूण घरांच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली. बंद खिडक्यांच्या घरांनी शाळा चालत नाही.

आल्बिनेनच्या लोकांची चिकाटी पाहायची तर लॉइकरबाडच्या वाटेवरचे कडे पाहावेत. तिथे उभ्या खडकावर एकावर एक आठ शिड्या लावलेल्या आहेत. गाडीरस्ता नव्हता तेव्हा गावकरी त्यांवरून ये-जा करत, पाठीवर ओझं घेऊन. आज गिर्यारोहक हौसेने चढतात. अशा जागी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या लोकांनी आपलीच तरुण मुलं गावात राहावीत म्हणून स्वतःच्या तिजोरीत हात घातला. त्याला “रिकामं गाव माणसं विकत घेतंय” म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं. जगभरातून चौकशांचा पूर आला तेव्हा गावाला उलट खुलासा करत बसावं लागलं.

मग कुणाच मराठी माणसाला याचा उपयोग नाही का? थोड्यांना होऊ शकतो. ज्यूरिक किंवा बासेलला दहा-बारा वर्षं नोकरी केलेलं, सी परवाना असलेलं, पंचेचाळिशीच्या आतलं, जर्मन येणारं आणि डोंगरात घर बांधायची खरी इच्छा असलेलं कुटुंब २०१७ च्या नियमांत बसलं असतं. अशा कुटुंबाने आजचे नियम थेट गावच्या कार्यालयाला विचारावेत. आणि “फॉर्म भरून देतो, एवढी फी द्या” असं म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.