काका, हे तुमचं झालं!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर दिवाळीला किल्ला होतो. पोरं माती कालवतात, गोणपाट भिजवतात, आळीव पेरतात. साधारण दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी बाबा ऑफिसातून येतात आणि "अरे, असा बुरूज असतो का?" म्हणत बाह्या सरसावतात. तिथून पुढे किल्ला बाबांचा. पोरांनी पाण्याच्या बादल्या आणायच्या आणि शेवटी मावळे मांडायचे. त्या बाबांमध्ये मीही होतो, त्यामुळे पुढचं लिहायचा मला थोडाफार अधिकार आहे.

जूनपासून दर शनिवारी पार्किंगमध्ये सात मुलांची एक टीम घेऊन बसतोय. चौथी ते आठवीतली मुलं. कल्पना उसनी आहे. अमेरिकेत 'ओडिसी ऑफ द माइंड' नावाची स्पर्धा असते. सॅम मिक्लस या प्राध्यापकांनी १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या २८ शाळा घेऊन ती सुरू केली. टीम जास्तीत जास्त सात जणांची. एक मोठा प्रश्न महिनोन् महिने सोडवायचा आणि आठ मिनिटांत सादर करायचा. दुसरा प्रश्न आयत्या वेळचा, खोलीत गेल्यावरच कळतो. आम्ही स्पर्धेत वगैरे उतरलेलो नाही, नियम तेवढे उचलले. त्यातला मला सगळ्यात आवडलेला, आणि छळणारा, नियम म्हणजे बाहेरच्यांची मदत चालत नाही. कोचचीसुद्धा. कटर कसा धरायचा हे शिकवता येतं, कुठे कापायचं हे सांगता येत नाही. सांगितलं तर गुण कापतात.

पहिलं काम दिलं पुलाचं. साहित्य आगकाड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे. ही युक्ती अरविंद गुप्तांची. हा माणूस पुण्यात टेल्कोत इंजिनिअर होता आणि १९७८ मध्येच वर्षभराची रजा काढून होशंगाबादला खेड्यातल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेला. योगायोग बघा! पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं मुलांना अशी खेळणी करायला शिकवलं. ट्यूब शोधायला मला तीन सायकलवाले फिरावे लागले. तिसऱ्यानं "जुनी सायकल आहे का?" विचारलं. आगकाड्यांसाठी हवीय म्हटल्यावर माझ्याकडे नीट बघून घेतलं.

तर चार काड्या जोडून मुलांनी चौकोन केला. तो लुळा. बोट लावलं की आडवा. सगळ्यात धाकटा दहा मिनिटं त्याला उभा करायचा, सोडायचा, परत उभा करायचा. मी इंजिनिअर. घशापर्यंत आलेला कर्ण चहाबरोबर गिळला. पण तिसऱ्या शनिवारी राहवलं नाही. "मधे एक तिरकी काडी टाकून बघा की," म्हणालो. आठवीतली मुलगी थांबली. "काका, हे तुमचं झालं! आता आम्हाला ते वापरता येणार नाही."

नियम मीच पहिल्या दिवशी वाचून दाखवला होता. काय बोलणार?

मग त्यांनी चौकोनच सोडून दिला. धाकट्याच्या हातात एक त्रिकोण होता, तो काही केल्या आडवा होत नव्हता. त्रिकोणाला त्रिकोण जोडत गेले. शेवटी वीतभर अंतरावर ठेवलेल्या दोन स्टुलांवर पूल उभा राहिला. दोन वह्या पेलल्या, तिसरीला कोसळला. आरडाओरडा एवढा, की वरून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

याच सुमारास एका बाबांनी थ्री-डी प्रिंटरवर अख्खा पूल छापून पाठवला. मुलानं तो दप्तरातून बाहेर काढलाच नाही. आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला, "सर्टिफिकेट काय मिळतं?" या लोकांना मी दोष देत नाही. शाळेच्या प्रोजेक्टसाठी रात्री अकरा वाजता थर्माकोल कापत बसणारी माणसं आहेत ही. मुलाचं काम वाकडं दिसलं की यांचे हात शिवशिवतात. माझेही.

आयत्या वेळच्या प्रश्नांत मात्र कुणी मदत करूच शकत नाही, म्हणून मला ते जास्त आवडतात. नारळाच्या करवंटीचे उपयोग सांगा. कुंडी, वाडगा, पळी झालं. मग कुणीतरी म्हणालं, "मांजराचं हेल्मेट." लगेच दुसरा, "पुण्यातलं मांजर घालणार नाही." पूर्ण गुण दोघांनाही.

एक चूक मात्र लिहिलीच पाहिजे. गप्प बसायचा नियम मी एकदा भलत्याच ठिकाणी लावला. काड्या कुणी कापायच्या यावरून दोघींचं भांडण झालं, ते आपापसांत मिटवतील म्हणून बघत बसलो. मिटलं नाही. एक पुढचे दोन शनिवार आली नाही. आणायला मला घरी जावं लागलं, तिच्या आजीसमोर सॉरी म्हणावं लागलं. कल्पना मुलांच्या असायला हव्यात, हे खरं. रडणं थांबवायला मोठं माणूस लागतं.

आता यादीत अकरा नावं आहेत आणि सातच्या वर मी घेणार नाही. दुसरी टीम करायची तर कोच हवा. शनिवारी पाच ते साडेसहा, बी विंगच्या पार्किंगमध्ये. इंजिनिअर नसलात तर फारच बरं.