'पूर्ण पैसे देऊनही घरावर लीन?' या प्रतिक्रियेला उत्तर

समीर, चिडून का होईना सविस्तर लिहिलंत, बरं झालं. तुमचं म्हणणं असं की कॅलिफोर्नियात बाथरूम नवीन करून घेतलं, कॉन्ट्रॅक्टरला शेवटच्या डॉलरपर्यंत पैसे दिले, तरी टाइल्सवाल्याने घरावर मेकॅनिक्स लीन (थकलेल्या पैशांसाठी घरावर नोंदवलेला कायदेशीर बोजा) टाकला, ही खंडणी आहे आणि मी तिची वकिली करतोय.

करतोयच थोडी. टाइल्स तुमच्या भिंतीवर बसल्यात, त्या काही तो उचकटून नेणार नाही, आणि पैसे मधल्यामध्ये कॉन्ट्रॅक्टरने खाल्ले. दोघांपैकी चेक कुणाच्या हातात होता? तुमच्या. म्हणून तिथे भार मालकावर येतो, आणि हा हक्क थेट राज्याच्या घटनेतच आहे. पुण्यात सुतार असं करू शकत नाही म्हणालात, खरंय, तो बिचारा दावा लावून वर्षानुवर्षं तारखा घेत बसतो, ते जास्त न्यायाचं वाटतं का?

आणि टाइल्सवाल्याला मोकळं रान नाहीये हो. माल दिल्यापासून 20 दिवसांत त्याने प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे लीनचा हक्क राखणारी आगाऊ सूचना, पाठवायची असते. तुम्ही लिहिलंय ना, सर्टिफाइड मेलने काहीतरी आलं होतं, जाहिरात समजून ड्रॉवरमध्ये टाकलं? तीच ती बहुतेक! काढून बघा, कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले असले तरी घरावर लीन येऊ शकतो असं त्यात स्पष्ट छापलेलं असतं. ती आली की प्रत्येक चेकच्या बदल्यात टाइल्सवाल्याच्या सहीचा कंडिशनल वेव्हर (पैसे पोचले तर लीनचा हक्क सोडतो, असा कागद) मागायचा, पैसे पोचले की अनकंडिशनल, म्हणजे बिनशर्त, नाहीतर सरळ दोघांच्या नावाने जॉइंट चेक द्यायचा.

कॉन्ट्रॅक्टरला दिलेल्या 40 टक्के ॲडव्हान्सचं वाचून मात्र कपाळाला हात लावला, घरकामात 10 टक्के किंवा 1000 डॉलर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त ॲडव्हान्स मागणंच सहसा बेकायदा आहे, त्याची तक्रार कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाकडे आधी करा, कॉन्ट्रॅक्टर लायसन्सवाला असेल तर त्याचा 25,000 डॉलरचा बाँड (नुकसानभरपाईची हमी) असतो, त्यावरही क्लेम लावता येतो.

आता तुमचा लीन. काउंटीत रेकॉर्ड झाल्यापासून 90 दिवसांत टाइल्सवाल्याने कोर्टात दावा लावला नाही, तर एरवी तो बाद होतो, आणि तरी काढत नसेल तर 10 दिवसांची नोटीस देऊन कोर्टात अर्ज करता येतो, जिंकलात तर वकिलाची वाजवी फीसुद्धा मिळते. लीनच्या कागदावरचा काउंटीचा शिक्का बघून रेकॉर्डिंगची तारीख तेवढी कळवा, मग बोलू.